कुकिंग रेंज लावली की घरभर अंधार: दुरुस्तीच्या नोंदी

४ जून

ताईकडे ओव्हन आणि चार विजेच्या शेगड्या असलेली कुकिंग रेंज आहे. ती लावली की अख्ख्या घराची लाइट जाते. कधी लगेच जाते, कधी जातच नाही, आणि अधूनमधून रेंज बंद असतानाही रात्री खटका पडतो. आधी एक कारागीर येऊन गेला. त्याने आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा खटका) बदलला, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. मग त्याने सुचवलं की रेंजची अर्थ वायर काढून टाकू, म्हणजे कटकट संपेल. ताईने ते करू दिलं नाही, हे फार बरं झालं.

मी गेले तेव्हा पहिला प्रश्न विचारला, की नेमका कोणता खटका पडतो? कुणालाच खात्रीने सांगता येईना. डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांची पेटी, उघडून भाच्याला दाखवलं. डावीकडचा रुंद, टेस्टचं बटण असलेला तो आरसीसीबी. त्याच्या पुढची बारकी रांग एमसीबींची, त्यातला ३२ ॲम्पिअरचा रेंजचा. एमसीबी पडला तर करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झाला असं समजायचं. आरसीसीबी पडला तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, थोडा दुसरीकडून निसटला. रोग वेगळे आहेत, म्हणून तपासही वेगळा. भाचा म्हणाला, "रुंदवाला पडतो, मावशी. बारके सगळे वरच असतात."

म्हणजे जास्त लोडचा विषय इथेच बाजूला झाला. रेंजच्या पाटीवर ९ किलोवॅट लिहिलंय, २३० व्होल्टवर ते ३९ ॲम्पिअरच्या आसपास जातं, त्यामुळे भाऊजींचा संशय ३२ च्या एमसीबीवर होता. पण ओव्हन आणि चारही शेगड्या एकाच वेळी पूर्ण ताकदीने फारशा चालत नाहीत, थर्मोस्टॅट त्यांना सतत चालू-बंद करत असतो. शिवाय तो एमसीबी आजवर एकदाही पडलेला नाही.

फ्रिजच्या बाजूला एक कागद लावला. खटका पडला की वेळ लिहायची, रेंजवर काय चालू होतं ते, आणि घरात दुसरं काय चालू होतं तेही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, असं तिघांनाही सांगून निघाले.

५ जून

आरसीसीबी तपासायचा टेस्टर घेऊन गेले. नवीन बसवलेला आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरचा आहे. मानकानुसार तो निम्म्यावर, म्हणजे १५ वर, पडता कामा नये आणि ३० वर पडलाच पाहिजे. करंट हळूहळू वाढवत नेला तर २२ वर पडला. ३० मिलिॲम्पिअर एकदम दिले तर २८ मिलिसेकंदांत पडला, मर्यादा ३०० ची आहे. पाचपट, म्हणजे १५० दिले तेव्हा १४ मिलिसेकंद, तिथे मर्यादा ४० ची. खटका तंदुरुस्त आहे. जुना बहुधा असाच तंदुरुस्त असणार.

हे आकडे आधी घ्यायची माझी सवय आहे. नाहीतर ज्याने धोका दाखवला त्यालाच दोष दिला जातो आणि गळती तशीच राहते.

मग गळती मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. आरसीसीबीतून निघणारी फेज आणि न्यूट्रल, दोन्ही एकत्र क्लॅम्पच्या तोंडात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर मीटर शून्य दाखवतो, जेवढा फरक तेवढी गळती. रेंज भिंतीवरच्या स्विचवर बंद, घरातलं बाकी नेहमीचं सगळं चालू: ६ मिलिॲम्पिअर. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या आत विजेतले अडथळे गाळणारे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट कायम अर्थकडे सोडतात. त्यात बिघाड काही नाही, पण हिशोबात धरावं लागतं.

८ जून

कागद भरायला लागलाय. भाच्याचं अक्षर बारीक आहे पण नोंदी नेमक्या.

एक प्रकार असा: सकाळी ओव्हन खालच्या कॉइलवर लावला की त्याच क्षणी खटका. पण आधी ओव्हन फॅनवर वीसेक मिनिटं तापवला आणि मग खालची कॉइल लावली, तर काही होत नाही. ही युक्ती भाऊजींनी स्वतः शोधून काढली होती आणि आजवर कुणाला सांगितली नव्हती. मला त्या एका वाक्याने अर्धं काम झाल्यासारखं वाटलं.

हीटिंग एलिमेंटच्या धातूच्या नळीत मधोमध तार असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, पण हवेतलं पाणी ओढून घेते. नळीच्या दोन्ही टोकांना सील असतं. ते तडकलं आणि ओव्हन बरेच दिवस वापरला नाही, तर टोकाजवळची पूड दमट होते आणि तिथून करंट नळीवर, नळीवरून रेंजच्या अंगावर आणि अंगावरून अर्थला जातो. फॅनची कॉइल चालवली की सगळा ओव्हन तापतो, खालच्या एलिमेंटमधली पूडही वाळते आणि गळती तात्पुरती थांबते. भाऊजी रोज नकळत एलिमेंट वाळवत होते.

दुसरा प्रकार मात्र यात बसत नाही. रात्री रेंज पूर्ण बंद, भिंतीवरचा स्विचही बंद, आणि खटका पडला. शेवटच्या रकान्यात दरवेळी एकच शब्द: गीझर.

गीझरचा एमसीबी बंद केला आणि त्याचा एलिमेंट मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर, आकडा जेवढा मोठा तेवढं इन्सुलेशन चांगलं) तपासला. स्वच्छ, २०० मेगाओहमच्या वर. म्हणजे गीझर दोषी नाही, त्याच्यामुळे फक्त दोष उघडा पडतो. मग रेंजचा एमसीबी खाली पाडला आणि गीझर लावला. तरी आरसीसीबी पडला! एमसीबी खाली असूनही रेंजचं सर्किट त्रास देतंय, याचा अर्थ दोष न्यूट्रलकडे आहे. इथला एमसीबी एकपदरी आहे, फक्त फेज तोडतो. भिंतीवरचा स्विचही तसाच. दोन्ही बंद केले तरी रेंजची न्यूट्रल थेट डीबीच्या न्यूट्रल पट्टीला जोडलेलीच राहते.

मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची खात्री करून रेंजची न्यूट्रल पट्टीतून सोडवली, टोक इन्सुलेट केलं, मेन चालू केला, गीझर लावला. खटका जागेवर. कितीही वेळ चालवला तरी जागेवर.

भाऊजींनी विचारलं, "पण रेंज बंद असताना तिच्यातून करंट जाईलच कसा?" त्यांना डीबीवरच दाखवलं. गीझरचे १३ ॲम्पिअर न्यूट्रलमधून परत जाताना बाहेरच्या न्यूट्रल वायरमध्ये थोडा व्होल्टेज ड्रॉप होतो. न्यूट्रल पट्टी आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर धरला: गीझर बंद असताना जवळपास शून्य, चालू असताना १.८ व्होल्ट. आता रेंजमध्ये कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकली असेल, तर पाटाला भगदाड पडल्यावर पाणी जसं शेजारच्या शेतात शिरतं तसा गीझरचाच परतीचा करंट थोडा त्या वाटेने अर्थकडे जातो. आरसीसीबीला तो कमी पडलेला दिसतो. १.८ व्होल्टवर २२ मिलिॲम्पिअर वाहायला टेकलेल्या जागेचा रोध ऐंशीएक ओहम किंवा त्याहून कमी असला की पुरे.

आणि इथेच मला पक्कं वाटतंय की दोष एक नाही, दोन आहेत. दमट एलिमेंटचा रोध काही हजार ओहम असतो. १० हजार ओहम धरले तरी १.८ व्होल्टवर जेमतेम ०.२ मिलिॲम्पिअर जाईल, त्याने खटका हलणारही नाही. उलट न्यूट्रल अर्थला टेकली म्हणून खालची कॉइल नेमकी थंड असतानाच पडेल, हेही पटत नाही. एक सापडला म्हणून दुसरा शोधायचं थांबायचं नाही, असं वहीत वर लिहून ठेवलं.

रेंजची न्यूट्रल आणि फेज दोन्ही सोडवलेलीच ठेवली. ताईला म्हटलं, चार दिवस छोट्या शेगडीवर भागव. ती म्हणाली, "तू शोध गं, माझी घाई नाही."

९ जून

मेन बंद, खटक्याला कुलूप, चावी माझ्या खिशात. टेस्ट लॅम्प आधी मेनच्या अलीकडच्या चालू पॉइंटवर पेटवून पाहिला, मग रेंजच्या टर्मिनलवर लावला, मग पुन्हा चालू पॉइंटवर. शेवटची पायरी बरेच जण गाळतात. पण मधेच लॅम्प गेला असेल तर वीज नाही ही समजूत जिवावर बेतू शकते.

रेंज जागेवरच ठेवून डीबीच्या बाजूने मेगर लावला. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी, ५०० व्होल्ट डीसी. दोन्ही एकत्र जोडले की रेंजच्या घड्याळावर, टायमरवर आणि निऑन दिव्यांवर ५०० व्होल्टचा ताण येत नाही. रीडिंग: ०.००. म्हणजे थेट शॉर्टच.

रेंज ओढून बाहेर काढली. पुन्हा तेच मोजमाप: ०.०१ मेगाओहम. वाईटच आहे, पण शून्य नाही. रेंज जागेवर असताना शॉर्ट, बाहेर आली की शॉर्ट सुटतो. आधीच्या कारागिरानेही ती बाहेर ओढूनच तपासली असणार, त्यामुळे त्याला काही मिळालं नसेल. ही गोष्ट वहीत दोनदा अधोरेखित केली.

मागचा टर्मिनल ब्लॉक उघडला. केबल तिथून सोडवून एकटी तपासली: २०० मेगाओहमच्या वर. भिंतीतली केबल निर्दोष. नव्या-जुन्या कुठल्याही पक्क्या वायरिंगला किमान १ मेगाओहम लागतो, इथे तर भरपूर आहे. टर्मिनलचा एक स्क्रू ढिला होता आणि त्याच्याखालचं प्लास्टिक तांबूस झालं होतं. घट्ट केला, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) नवीन लावणार.

मग एकेका एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढून मोजत गेले. एकच वायर काढून भागत नाही, दुसरी बाजू न्यूट्रलमधून बाकी सगळ्यांना जोडलेली असते आणि एकाचा दोष सगळ्यांच्या अंगावर दिसतो. फॅनची कॉइल २०० च्या वर. वरची ग्रिल ४०. शेगड्या ६०, १८, १५ आणि मागची उजवी २.४. ओव्हनची खालची कॉइल: ०.०१ मेगाओहम.

त्याच कॉइलचा रोध दोन टोकांमध्ये मोजला तर ४५ ओहम. १,२०० वॅटच्या कॉइलचा २३० व्होल्टवर हिशोबाने ४४ यायला हवा. म्हणजे ती अगदी बरोबर तापते. तापते म्हणजे चांगली आहे, ही समज इथे फसवते. तार शाबूत आहे, आजूबाजूचं इन्सुलेशन गेलंय. साध्या मल्टिमीटरवर हाच दोष ३५ किलोओहमच्या आसपास दिसला आणि आकडा स्थिर राहीना. मल्टिमीटर बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो. दमट पूड कमी व्होल्टेजला एक सांगते आणि ५०० ला दुसरं. इन्सुलेशनचा निवाडा मेगरनेच करायचा.

कॉइल बाहेर काढून टोकं पाहिली. फेजकडच्या टोकाचं सील कडेने उललं होतं, केसाएवढी फट पूर्ण गोल फिरलेली. त्याभोवती विटकरी डाग. दुसऱ्या टोकाचं सील अजून पांढरं आणि सलग. फेजकडेच फट असल्याने गळतीला पूर्ण २३० व्होल्ट मिळत होते: १० हजार ओहमवर २३ मिलिॲम्पिअर. आरसीसीबी २२ ला पडतो. हा आकडा इतका जुळला की मी पुन्हा मोजून पाहिलं. (घरातली आधीची ६ मिलिॲम्पिअर यात सरळ मिळवता येत नाही. ती कपॅसिटरची आहे, ही रोधाची. दोन्ही करंट एकाच वेळी शिखरावर पोचत नाहीत, त्यामुळे एकूण गळती दोघांच्या बेरजेपेक्षा कमी येते.)

आता तो अर्थ काढून टाकायचा सल्ला. तो मानला असता तर काय झालं असतं याचा हिशोब ताईसमोर कागदावर मांडला, कारण असा सल्ला तिला पुन्हा कुणीतरी देईल. अर्थ नाही म्हणजे रेंजच्या पत्र्यावर ती वीज तशीच उभी राहणार. खटका पडणार नाही, सगळं ठीक दिसणार. मग कुणी ओल्या हाताने पत्र्याला आणि दुसऱ्या हाताने नळाला धरलं, तर एलिमेंटचे १० हजार ओहम आणि शरीराचे हजार-दीड हजार मिळून साधारण २० मिलिॲम्पिअर माणसातून जातील. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेलं सोडता येत नाही. आणि हा आरसीसीबी २२ ला पडतो, २० ला नाही. ताई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मलाही ते लिहिताना पोटात खड्डा पडला.

कॉइलची ऑर्डर दिली.

११ जून

आज न्यूट्रलच्या मागे लागले. रेंज बाहेर, वीज बंद, कुलूप लावलेलं. खालची कॉइल काढलेली आणि बाकी एलिमेंटच्या वायरी सोडवलेल्याच असल्याने त्यांचा गोंधळ आता मध्ये नाही. टर्मिनल ब्लॉकवर केबल जोडून डीबीकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मेगर लावून ठेवला. भाच्याला रेंज हळूहळू मागे ढकलायला सांगितलं.

"मावशी, आता ढकलू?"

"बोटभर. थांब. अजून बोटभर."

रीडिंग २०० च्या वर, २०० च्या वर, आणि भिंतीपासून शेवटचं बोटभर अंतर उरलं तेव्हा आकडा कोसळून ०.०० झाला. थोडी पुढे ओढली की पुन्हा वर. मीटर कमी रोध मोजायच्या सेटिंगवर ठेवून मोजलं तर टेकलेल्या जागेचा रोध ३ ओहमपासून ६० ओहमपर्यंत नाचत होता. म्हणून काही रात्री खटका पडायचा, काही रात्री नाही. सकाळी झाडताना कुणाचा तरी धक्का लागून रेंज किती मागे सरकली, यावर ते ठरत होतं.

मागचा पत्रा उघडला. टर्मिनल ब्लॉकपासून ओव्हनकडे जाणारी न्यूट्रल वायर एका भोकातून आत जाते. त्या भोकात रबरी बुश असायला हवा होता, तो नव्हता. पत्र्याची कड उघडी. भिंतीवरच्या केबल आउटलेटची पेटी दोन-अडीच सेंटिमीटर पुढे आलेली आहे, ती नेमकी त्याच जागी पत्र्याला दाबते. पत्रा आत जातो आणि वायर कडेवर रेटली जाते.

वायर बोटांत घेऊन उजेडात फिरवली. इन्सुलेशनवर नखाएवढी चीर, आडवी. आत तांब्याची तार चमकत होती, दोन-तीन तंतू तुटलेले. पत्र्याच्या कडेवर त्याच उंचीला काळा ठिपका, मोहरीपेक्षा लहान. इन्सुलेशनही कडक झालं होतं, वाकवलं की कुरकुरत होतं. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं, ओव्हनच्या पाठीमागे ते टिकणार नाही. भाच्याने मोबाइलवर जवळून फोटो काढला, मला तो वहीत चिकटवायचाय.

ती पूर्ण वायर काढली. जागी सिलिकॉन रबरची, वरून काचतंतूची जाळी असलेली वायर घातली, ती १८० अंश सोसते. भोकात बुश बसवला. बाकीची भोकंही एकेक तपासली, अजून एकात बुश सैल होता, तोही बदलला. वायर पत्र्यापासून दूर राहावी म्हणून मधे एक क्लिप वाढवली.

पत्रा लावला, रेंज भिंतीला पार टेकवली, भाच्याला खांदा लावून जोरात ढकलायला सांगितलं. २०० मेगाओहमच्या वर. हललासुद्धा नाही आकडा.

१४ जून

नवी कॉइल आली. बसवण्याआधी डब्यातून काढल्या काढल्या मोजली: २०० च्या वर, रोध ४४ ओहम. नवीन आहे म्हणून न मोजता बसवायची नाही, दुकानात दमट जागी पडून राहिलेल्या कॉइलमध्येही ओल शिरते. बसवली. थिंबल नवीन, स्क्रू घट्ट.

जुनी कॉइल टाकली नाही. ती ओव्हनच्या जाळीवर ठेवून फॅनवर दीडशे अंशांना तासभर भाजली. थंड झाल्यावर मोजली तर ६ मेगाओहम. म्हणजे वाळते. मग ती माझ्याकडे फळीवर ठेवली, बघायचंय परत ओल किती पटकन धरते.

१५ जून

आज डीबीचं काम. दोन्ही दोष गेलेत, पण मांडणी मला खटकत होती. एका आरसीसीबीवर अख्खं घर असल्याने कुठेही काही झालं की सगळीकडे अंधार, आणि सगळ्या गळत्या एकाच खटक्याच्या वाट्याला येतात. कायमची गळती खटक्याच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावी, म्हणजे ३० मिलिॲम्पिअरच्या खटक्यावर ९ च्या आत, असं मानक सांगतं. घरात आधीच ६ आहेत. एका जागी बसवलेल्या तापणाऱ्या उपकरणाला सर्वसाधारण मानकानुसार किलोवॅटमागे ०.७५ मिलिॲम्पिअर चालतात, पण एकूण ५ च्या वर नाही. चांगली रेंजसुद्धा पाचाच्या जवळ गेली तर या खटक्यावर फारशी जागा उरत नाही.

म्हणून रेंजला स्वतंत्र आरसीबीओ दिला, ३२ ॲम्पिअर, ३० मिलिॲम्पिअर. जास्त करंट आणि गळती, दोन्ही तोच बघेल. फेज हलवणं सोपं असतं, पण न्यूट्रलही त्याच आरसीबीओवर न्यावी लागते. ती जुन्या पट्टीवर राहिली तर पहिली शेगडी लावताच दोन्ही खटके पडतात आणि माणूस पुन्हा रेंजला दोष देत बसतो. न्यूट्रलला रेंजच्या नावाची स्लीव्ह घातली.

भिंतीवरचा स्विच दोनपदरी केला. आता बंद म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. आउटलेटची पेटी कापून आत बसवली, तिची पुढे आलेली कड गेली. रेंजच्या मागे खाली दोन रबरी अडथळे लावले, आता ती कितीही ढकलली तरी पत्रा भिंतीला लागत नाही.

आरसीबीओची चाचणी: २४ मिलिॲम्पिअरवर पडतो, ३० वर २५ मिलिसेकंद. ठीक.

१६ जून

ओव्हन, ग्रिल, चारही शेगड्या आलटून पालटून तासभर. क्लॅम्पवर रेंजची गळती थंडीत १.९ मिलिॲम्पिअर, पूर्ण तापल्यावर २.४. गीझर दोन वेळा चालू-बंद. काही नाही. ताईने ओव्हन थेट खालच्या कॉइलवर लावला, फॅनवर न तापवता, आणि माझ्याकडे बघून हसली.

२२ जून

जुनी कॉइल पुन्हा मोजली. ६ मेगाओहमवरून ०.०८ वर आलीय, नुसती फळीवर पडून. वाळवून परत वापरली असती तर काही दिवसांत खटका पुन्हा पडला असता. सील शाबूत असून फक्त ओल धरलेली कॉइल वाळवून चालते, फट पडलेली नाही. भाच्याला टोकाची फट भिंगातून दाखवली.

ताईच्या घरी सगळं शांत. कागदावर एक नोंद आहे, पण ती वादळात बाहेरूनच लाइट गेल्याची, खटके सगळे वरच होते. भाच्यानेच बाजूला तसं लिहिलंय.

३० जून

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नवा तक्ता लावला: कोणत्या सर्किटची फेज कुठे, न्यूट्रल कोणत्या पट्टीवर, आणि आजची इन्सुलेशन रीडिंगं. टेस्टचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबायचं काम भाच्याने स्वतःकडे घेतलं.

एक गोष्ट शिल्लक आहे. मागची उजवी शेगडी पहिल्यांदा २.४ मेगाओहम होती, बाकीच्यांपेक्षा बरीच कमी. आज थंड असताना २.१ आली. चालवायला हरकत नाही, पण तिचंही सील सैल होत असावं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणार, १ च्या जवळ गेली तर बदलणार. तिचा पार्ट नंबर वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलाय.